दोन डॉलरचा मुखवटा आणि एका स्टारचा रिव्ह्यू

मागच्या महिन्यात लॉ कॉलेज रोडच्या एका गल्लीत छोट्याशा हॉलमध्ये 'हॅलोविन' दाखवला, १९७८ चा, जॉन कार्पेंटरचा. पन्नासेक खुर्च्या, त्यातल्या निम्म्या प्लास्टिकच्या, एसी बंद, आणि पिक्चर संपल्यावर चहा आणि चर्चा, जी पुण्यात पिक्चरपेक्षा जास्त वेळ चालते. पहिल्या रांगेतले एक काका उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा सिनेमाच नव्हे. हा जत्रेतला मौत का कुआं आहे. एक माणूस चाकू घेऊन हिंडतो, पोरी किंचाळतात, यात बघायचं काय? मी तर याला एक स्टारसुद्धा देणार नाही." लगेच मागून एक पोरगा, "पण काका बजेट बघा ना, तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये केलाय, वीसेक दिवसांत शूट संपवलंय, त्या मानाने..." पुढे तासभर हेच. इकडून 'घाणेरडं', तिकडून 'त्या मानाने'. चहा गार झाला.

मला विचाराल तर त्या तासाभरात पिक्चरबद्दल कुणी बोललंच नाही. काका पिक्चरचं कुळ बघत होते आणि पोरगा बिल बघत होता. एकाला स्लॅशर, म्हणजे खुनी चाकू घेऊन एकेकाला मारत सुटतो तसला पिक्चर, म्हटलं की नाक मुरडायचंय, दुसऱ्याला लो बजेट म्हटलं की पाठीवरून हात फिरवायचाय, आणि दोन्हीत पिक्चर बघायची गरजच पडत नाही. माझं मत साधं आहे, कमी पैशातल्या स्लॅशरला कडक रिव्ह्यू मिळायला हवा, नेहमीपेक्षा जास्त कडक मिळाला तरी चालेल, पण तो ज्या कामाला निघालाय त्या कामाचा. भीती घालायला निघाला होता, घातली का, कशी घातली, कुठे फसला. पैसे नव्हते ही सबब नाही, आणि तो गुन्हाही नाही. आणि हे जो समीक्षक बघत नाही त्याला त्यातला चांगला कुठला आणि भिकार कुठला हेही कळत नाही, मग तो आवडून घेणारा असो नाहीतर नावडून घेणारा.

आता काकांच्या मौत का कुआंबद्दल. त्यांनी शिवी म्हणून वापरला, मला ती शिवी वाटलीच नाही. लहानपणी जत्रेत तुम्ही त्या लाकडी विहिरीच्या कडेला उभे राहिला असाल तर आठवा, मोटरसायकल वर यायच्या आधी पायाखालच्या फळ्या थरथरायला लागतात, आवाज आधी येतो, गाडी नंतर दिसते, आणि कठड्याला धरलेल्या हाताला ती थरथर कळते. त्या माणसाला ठाऊक असतं की कठड्यापासून वीतभर खालून गाडी न्यायची, हातभर खालून नेली तर कुणी दचकणार नाही आणि दोन बोटं वर गेली तर मेला. ही अक्कल आहे, आणि अक्कल असली की ती चांगली-वाईट असू शकते, म्हणजे तिची समीक्षा होऊ शकते. मग नुसतं 'जत्रेतलं' म्हणून विषय कसा संपतो?

'हॅलोविन'चंच बघा. त्या खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, दुकानात दोन डॉलरच्या आत मिळालेला. भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा स्प्रे मारला. पैसे असते तर एखाद्या मोठ्या मेकअपवाल्याकडून विद्रूप राक्षस करून घेतला असता आणि तो राक्षस आज हास्यास्पद दिसला असता. पैसे नव्हते म्हणून भावच नसलेला चेहरा मिळाला, आणि भाव नसल्यामुळे भाव आपण भरतो. पण इथे नीट बघा, श्रेय गरिबीचं नाही. तोच मुखवटा दुसऱ्या कुणी भर उजेडात क्लोजअपमध्ये दाखवला असता तर दोन डॉलरचाच दिसला असता. कार्पेंटर त्याला बहुतेक वेळा लांब उभा करतो, फ्रेमच्या कडेला, अर्धा अंधारात. तो भर दुपारचा सीन आठवा, पोरी शाळेतून घरी चालल्यात, पुढे फुटपाथच्या बाजूला झुडपांचं कुंपण, तिथे तो नुसता उभा. काही करत नाही. मैत्रीण तावातावाने जाऊन बघते तर कुणी नाही. रक्त नाही, किंकाळी नाही, ऊन पडलंय. आणि तिथून पुढे आपण प्रत्येक फ्रेमच्या कडा तपासायला लागतो, म्हणजे दिग्दर्शकाचं निम्मं काम प्रेक्षकच करायला लागतो, फुकटात.

संगीताचंही तसंच. कार्पेंटरने स्वतःच केलं, कारण संगीतकाराला द्यायला पैसे नव्हते. त्याने स्वतःच सांगितलेली गोष्ट आहे, म्युझिक नसलेली प्रिंट ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या एका तरुण बाईंना दाखवली तर त्या जराही घाबरल्या नाहीत, मग याने ठरवलं की आता संगीतानेच वाचवायचं. ती धून पाच मात्रांच्या हिशोबातली, लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवलेली. मोजून बघा, मात्रेला दोन असे दहा ठोके, तीन-तीन-दोन-दोन. आपल्या झपतालातही दहाच असतात, पण दोन-तीन-दोन-तीन अशा बसतात आणि समेवर आलं की बरं वाटतं. इथे डोकं सवयीने चारात मोजायला जातं आणि दर आवर्तनाला पायरी चुकल्यासारखं होतं. एक पियानो, एक सिंथ आणि एक चुकलेली पायरी, याला कितीसा खर्च आला असेल? तर 'त्या मानाने बरं' म्हणणाऱ्या पोराला मला हेच सांगायचं होतं की बाबा रे, हे कशाच्याच मानाने बरं नाहीये, हे सरळ चांगलं आहे, तू उगाच सूट मागून त्याचा अपमान करतोयस.

आणि जे वाईट आहे ते वाईटच म्हणायचं. गोष्ट घडते अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये, ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे पानगळीत, आणि शूट झालं कॅलिफोर्नियात वसंतात. पानं रंगवून रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला वापरायची असा प्रकार होता, वर झाडं हिरवीगार, आणि एकदोन ठिकाणी मागे चक्क पामची झाडं. ही चूक आहे. लाडाने 'किती क्यूट' म्हणायचं कारण नाही.

आता विरोधातला सगळ्यात जड मुद्दा, आणि त्या दिवशी तो काकांनी नाही तर कोपऱ्यात बसलेल्या एका ताईंनी मांडला आणि दोन्ही पार्ट्यांनी त्यांना बोलू दिलं नाही. त्या म्हणाल्या, मरतात कोण? पोरी. कुठल्या? ज्या मजा करतात त्या. वाचते कोण? जी शहाण्यासारखी वागते ती. हे आम्ही घरीही ऐकतो, त्यासाठी तिकीट कशाला काढू? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच. १९८० मध्ये अमेरिकेतल्या दोन सगळ्यात प्रसिद्ध समीक्षकांनी, जीन सिस्केल आणि रॉजर इबर्ट, टीव्हीवर अख्खा एपिसोड याच विषयावर केला होता. त्याच वर्षी 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला, त्यावर सिस्केल इतका भडकला की रिव्ह्यूमध्ये मुद्दाम शेवट फोडला आणि तो थेटरांत आणणारी पॅरामाउंट ज्यांच्या मालकीची होती त्या कंपनीच्या अध्यक्षाचा पत्ता छापून वाचकांना म्हणाला निषेधाची पत्रं पाठवा. आणि खरं सांगायचं तर तो राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. 'फ्रायडे'ची जाहिरात स्क्रिप्ट तयार व्हायच्या आधी छापली होती, आधी पाटी मग दुकान. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत जी लाट आली त्यातले बहुतेक पिक्चर या ताईंच्या आरोपात चपखल बसतात, मी त्यातले बरेच बघितलेत, त्यांची बाजू घेणार नाही.

पण एक गोष्ट लोक सांगत नाहीत. त्याच एपिसोडमध्ये त्या दोघांनी 'हॅलोविन'ला त्या ढिगातून बाजूला काढलं होतं. इबर्टने तर आधी त्याला चार स्टार दिले होते, म्हणजे पूर्णच्या पूर्ण. म्हणजे ज्यांनी या प्रकाराला सगळ्यात जोरात झोडलं त्यांनाच त्यातला फरक कळत होता, कारण ते बघत होते. कॅमेरा कुणाच्या बाजूने उभा आहे हा त्यांचा प्रश्न होता. 'हॅलोविन' सुरुवातीला आपल्याला खुन्याच्या डोळ्यांतून बघायला लावतो, मुखवट्याच्या दोन भोकांतून, लांबच्या लांब शॉट, आणि मग मुखवटा निघतो तर समोर सहा वर्षांचं पोरगं. प्रेक्षकाच्या हातातला चाकू असा काढून घेतला जातो. शेवटी आपण लॉरीच्या, म्हणजे वाचणाऱ्या पोरीच्या बाजूला आहोत, तिच्या हातात आधी विणायची सुई, मग कपाटात तारेचा हँगर. बायकांच्या घरातल्याच वस्तू, हत्यार म्हणून. कॅरल क्लोव्हर नावाच्या अभ्यासक बाईंनी १९८७ मध्ये या वाचणाऱ्या पोरीला 'फायनल गर्ल' हे नाव दिलं आणि विचारलं की थेटरात बसलेले पुरुष शेवटी एका घाबरलेल्या पोरीच्या जागी जाऊन का बसतात? आणि 'हॅलोविन'ची निर्माती आणि सहलेखिका एक बाई होती, डेब्रा हिल, त्या पोरींची आपापसातली बडबड तिने लिहिलेली, आणि ती बडबड ऐकली की कळतंच. बाईने लिहिलं म्हणून सगळं माफ, असं नाही. पण 'स्लॅशर म्हणजे बायकांचा द्वेष' असं एका वाक्यात संपवलं की ज्यांनी खरंच तो द्वेष विकला तेही या गर्दीत सुटतात ना? सगळेच चोर म्हटलं की खऱ्या चोराची सोय होते.

यात एक गोष्ट मात्र मला आजही सुटत नाही. खून झाल्यावर थेटरात टाळ्या पडतात. मी ऐकल्यात, एकदा वाजवल्यातही. याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरा नेहमीचा मुद्दा, असले पिक्चर बघून पोरं बिघडतात. पिक्चरचा कुणावर काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही, होत नसता तर मी हा लेख कशाला लिहिला असता. पण हा मुद्दा पुण्यात बसून मांडणाऱ्यांनी जरा आपल्या गावाचा इतिहास आठवावा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, या शहरात दहा खून झाले, जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून आजही लोक सांगतात, आणि करणारी कॉलेजातली चार पोरं होती, १९८३ मध्ये येरवड्याला फाशी गेली. माझी आई सांगते, दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडायचे, बेल वाजली की आधी आतून नाव विचारायचं, ओळखीचा आवाज असला तरी खिडकीतून बघायचं, आणि त्यांच्या दाराला दुसरी कडी त्याच महिन्यांत बसली, ती वाडा पडेपर्यंत होती. तेव्हा 'हॅलोविन' आलाच नव्हता, तिकडे अमेरिकेत लागला तो ऑक्टोबर १९७८ मध्ये. तर आधी काय आलं? भीती आधी आली. पिक्चर नंतर त्या भीतीला घर देतात.

आणि इथेच स्लॅशर आपल्या जुन्या भुताच्या पिक्चरपेक्षा वेगळा पडतो. रामसे बंधूंचे पिक्चर आम्ही व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर बघितलेत, 'पुराना मंदिर' तर १९८४ मध्ये तुफान चालला होता. पण रामसेंचं भूत गावाबाहेर असायचं, पडक्या हवेलीत, तिथे तुम्ही गाडी बंद पडून जायचात. म्हणजे गेला नाहीत तर प्रश्न मिटला. 'हॅलोविन'सारख्या स्लॅशरमधला माणूस तुमच्या गल्लीत येतो, तुमच्या दारात, त्याला शाप नसतो, सूड नसतो, कारणच नसतं. रामसे बघून आम्ही हसत झोपायचो. हे बघून उठून सेफ्टी डोअर तपासावंसं वाटतं. जो प्रकार फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाच्या इतक्या आतल्या गोष्टीला हात घालतो त्याला 'यात बघायचं काय' म्हणणं मला तरी आळस वाटतो.

हा आळस नवीन नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये मायकेल पॉवेलचा 'पीपिंग टॉम' आला, समीक्षकांनी असा काही तुटून पडून फाडला की एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाचं तिथलं करिअर जवळपास तिथेच संपलं, आणि वीसेक वर्षांनी मार्टिन स्कॉर्सेसीसारख्यांनी तो पुन्हा लोकांसमोर आणला. पण इंग्लंडला कशाला जायचं? आपल्याकडे १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं आणि त्या वळणाची पौराणिक नाटकं पुढे गावोगाव फिरली. त्यात राक्षस यायचे, मशाली, राळेचा भडका आणि घसा फाडून आरोळ्या, पोरंटोरं भिऊन रडायची. इंग्रजी शिकलेल्या मंडळींनी या नाटकांना नाव ठेवलं, अललडुर्र. हल्ली दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो त्या भाव्यांच्याच नाटकाचा. आता यावरून 'ज्याची थट्टा होते ते पुढे थोर ठरतं' असला स्वस्त निष्कर्ष मला काढायचा नाहीये, शेकडो अललडुर्र नाटकं विसरली गेली आणि त्यातली बरीच त्याच लायकीची असतील. माझं दुखणं वेगळं आहे. कुठल्या कंपनीचा राक्षस भारी यायचा? राळ कधी उडवली की अंगावर काटा यायचा आणि कधी नुसता खोकला? कोण ओरडायच्या आधी क्षणभर थांबायचा? हे बारकाईने लिहून ठेवावं असं कितीजणांना वाटलं? सगळ्याला मिळून एकच शब्द, अललडुर्र, झालं. तुच्छता नोंद ठेवत नाही हो.

याच गावात पी. के. नायर नावाचा माणूस होता, फिल्म अर्काइव्ह उभं करणारा, आणि त्यांचं धोरणच असं की चांगला-वाईट हे ठरवणारे आपण कोण, मिळेल तो पिक्चर जपायचा. काकांच्या हॉलपासून ते अर्काइव्ह चालत दहा मिनिटांवर आहे. अर्थात जपणं आणि समीक्षा करणं ही दोन वेगळी कामं आहेत, समीक्षकाने निवड केलीच पाहिजे. पण निवडायच्या आधी बघायला नको?

आणि पुण्याच्या माणसाला भीती कशी बनते हे शिकवायची खरं तर गरजच नसावी. शनिवारवाड्याचं घ्या. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, गारदी मागे लागलेले, पोरगं काकाकडे धावतंय. अडीचशे वर्षांनंतर त्यातलं काय उरलं? "काका मला वाचवा". ते भूत दिसतं कसं, हे कुणीच सांगत नाही, कपडे कुठले, चेहरा कसा, काही नाही. फक्त हाक. झीरो बजेट, एक डायलॉग, आणि अख्ख्या गावातली पोरं पिढ्यान्पिढ्या अमावस्येला तिकडून जाताना पाय उचलतात. शिवाय तो डायलॉग ज्याच्याकडे मदत मागतोय त्याच्यावरच संशय आहे, हे कुठल्याही पटकथालेखकाने उठून सलाम करावा असं आहे.

हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगितलं होतं, पण ऐकतो कोण. त्याने कॉलेजच्या पोरांबरोबर बावीस मिनिटांचा स्लॅशर केला, नारायण पेठेतला एक वाडा रीडेव्हलपमेंटला जायचा होता, रिकामा मिळाला आठ दिवस. 'सायको'मध्ये रक्तासाठी चॉकलेट सिरप वापरलं होतं हे यांनी कुठेतरी वाचलेलं, यांनी काकवीत लाल रंग कालवला, दुसऱ्या दिवशी प्रेताला मुंग्या. आणि होते-नव्हते ते पैसे घातले धुराच्या मशीनवर, तेच, लग्नात नवरा-नवरी एंट्री घेतात तेव्हा सोडतात ते. घरी सगळ्यांना जमवून दाखवला. त्याची आई, म्हणजे माझी ताई, आधीच माझ्या कानात, "पोरांनी फार कष्ट घेतलेत रे, चांगलं म्हण." सगळ्यांनी चांगलं म्हटलं. आत्या म्हणाली त्या मानाने छानच. मी म्हटलं, बाळा, मला बावीस मिनिटांत एकदाही कळलं नाही की जिना दाराच्या डावीकडे आहे का उजवीकडे, मग तो खाली उभा आहे म्हटल्यावर मी घाबरू कुणीकडे बघून? वाडा एवढा जुना, लाकडाचा, त्याचा एक आवाज नाही तुझ्या पिक्चरमध्ये, नुसतं डाउनलोड केलेलं धाडधूड म्युझिक. आणि धुरात मला नवरा-नवरीच दिसतात. पोरगं दोन आठवडे बोललं नाही, ताई तर अजून नीट बोलत नाही.

परवा रात्री त्याने नवीन कट पाठवला, खाली एवढंच, "मामा बघ". धूर गेलाय. सुरुवातीला एक साधा सीन नव्याने घातलाय, सकाळची वेळ, घरातली सगळी माणसं जिन्यावरून येतायत-जातायत आणि प्रत्येकजण खालून तिसरी पायरी चुकवतो, आजीसुद्धा, कारण ती वाजते. कुणी त्याबद्दल बोलत नाही. मग रात्र, पोरगी माळ्यावर एकटी, सगळे लग्नाला गेलेत, म्युझिक बंद, आणि खालून ती पायरी वाजते.

घरातलं कुणी असतं तर वाजली नसती. मी मोबाईल पालथा ठेवला आणि उठून दाराची कडी बघून आलो. बाकीची एकवीस मिनिटं अजूनही भिकार आहेत, तेही त्याला कळवलंय.